कमानीवरचा वेल, कमानीखालची कुंडी

कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं तेव्हा वृंदावनाभोवती उसांचा मांडव उभा राहतो. खाली औषधी रोप आणि वर हिरवी कमान अशी ही जोडी आपल्या अंगणाला नवी नाही. नवा आहे तो तिचा शहरी अवतार. नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत रो-हाउसच्या फाटकांवर लोखंडी कमानी दिसतात आणि गच्च्यांवर बेसिल, रोझमेरी, ओरेगॅनोच्या कुंड्या. दोन्हींची दैनाही तितकीच दिसते. रोझमेरी जुलैत काळी पडते आणि मधुमालतीच्या ओझ्याने कमान एका अंगाला कलते. यात हौसेचा दोष नसतो. रोप किंवा वेल निवडताना फुलाचा रंग पाहिला जातो, महिना पाहिला जात नाही, इतकंच. ज्या गावाचं मोगलाईतलं नाव गुलशनाबाद, म्हणजे बागेचं गाव, होतं, तिथे एवढी चूक दुरुस्त करायला फार खटपट लागू नये.

बागेचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं

नाशिक समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास वसलेलं आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, जानेवारीत दहाच्या खाली येतो, आणि निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात थंडीच्या लाटेत तो पाचच्याही खाली उतरल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात. पाऊस साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. शहरात तो बेताचा असला, तरी त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे सरकावं तसा झपाट्याने वाढत जातो. त्यामुळे पश्चिमेला सातपूरपलीकडची बाग आणि पूर्वेला आडगाव-ओझरकडची बाग एकाच सल्ल्यावर चालत नाहीत.

हे हवामान द्राक्षबागायतदारांइतकं बारकाईने दुसऱ्या कोणी वाचलेलं नाही. १९२५ मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी ओझरला द्राक्षं लावली, तेव्हापासूनचा हा अभ्यास आहे. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपी जातो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. नाशिकला तो झोपतच नाही. म्हणून इथे दोन छाटण्या आहेत. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करते आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी घड आणते.

घरच्या बागेलाही हेच पंचांग लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरात पेरायचं आणि लावायचं, एप्रिलमध्ये छाटायचं आणि झाकायचं. जून महिना मोठे, बारमाही वेल आणि गवती चहासारखी राकट रोपं लावण्यासाठी ठेवायचा. आपल्याकडे उलट होतं. पहिला पाऊस पडला की सगळं गाव रोपवाटिकांकडे धावतं आणि थाइमपासून लव्हेंडरपर्यंत सगळं जूनमध्येच घरी येतं. विकणारा विकतो, त्याला काय म्हणणार?

ऊन नाही, पाणी मारतं

सुगंधी रोपं नाशिकच्या उन्हाने मरतात हा समज इतका पक्का आहे की मे महिन्यात लोक दिवसातून दोनदा पाणी घालतात. प्रत्यक्षात बहुतेक रोपं जुलै-ऑगस्टमध्ये जातात. रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो, सेज, लव्हेंडर ही सगळी मंडळी भूमध्य समुद्राच्या काठची. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. आपल्याकडे गरम दिवसांतच पाऊस लागतो. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या आठवडाभर पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि त्यावर बुरशी चढते.

मुळं कुजलेलं रोप आणि तहानलेलं रोप वरून सारखंच दिसतं, दोन्ही माना टाकतात. फरक ओळखायची सोपी रीत आहे. दुपारी कोमेजलेलं रोप संध्याकाळी आपोआप सावरलं तर तो उन्हाचा त्रास. सकाळीच कोमेजलेलं असेल आणि माती ओली लागत असेल तर मुळं कुजताहेत. अशा रोपाला आणखी पाणी घालणं म्हणजे त्याचा शेवट करणं. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहावं आणि कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. पुदिना, कोथिंबीर आणि आलं यांना मात्र ही सवड देऊ नये, त्यांना ओल हवीच.

माती आणि बोअरचं पाणी

नाशिकची काळी माती ऊस-कांद्याला चांगली. कुंडीत एकटी घातली तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वीट. रोजच्या रोपांसाठी एक भाग काळी माती किंवा पोयटा, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असं मिश्रण पुरतं. भूमध्याकडच्या रोपांसाठी वाळू किंवा विटांचा चुरा निम्म्यापर्यंत न्यावा आणि खत निम्म्याने कमी करावं. सुगंधी रोपं फार खाल्ली-प्यालेली असली की पानं मोठी येतात, पण वास पातळ होतो. कोकोपीट थोडंच घालावं. ते हलकं असलं तरी पावसाळ्यात पाणी धरून बसतं.

दुसरी अडचण पाण्याची. अनेक वसाहतींत बागेला बोअरचं पाणी वापरतात आणि ते बऱ्याच ठिकाणी जड असतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर जमला, कढीपत्त्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, की क्षार वाढून झाडाला लोह मिळेनासं झालंय असं समजावं. आंबट ताकाचा घरगुती उपाय निरुपद्रवी आहे, पण वर्षभर साचलेले क्षार वाटीभर ताकाने जात नाहीत. जूनच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत कुंडी मोकळ्यावर ठेवली तर पावसाचं पाणी क्षार धुऊन नेतं, मग मात्र ती आडोशाला घ्यावी. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी फुकट जातं म्हणून कुंड्यांना घालण्याची पद्धत आहे. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते फरशी पुसायला वापरावं.

रोजच्या स्वयंपाकातली रोपं

कोथिंबिरीबद्दल लोक म्हणतात की धने उगवतच नाहीत. उगवतात, पण धन्याचा दाणा म्हणजे दोन बियांचं जोडपं असतं. लाटण्याने हलकेच रगडून ते सुटं करावं, रात्रभर भिजवावं आणि अर्धा इंच खोल पेरावं. आठ-बारा दिवसांत कोंब येतात, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत जुडी होते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरवड्याला एक ओळ पेरली तर घरात तुटवडा पडत नाही. मार्चनंतर कोथिंबीर लगेच फुलावर जाते. उष्णता वाढली की तिला बी धरायची घाई होते, त्यावर इलाज नाही. नाशिकच्या बाजारात लिलावाच्या बातमीत ‘चायना’ आणि ‘गावठी’ असे दोन भाव दिसतात. घरी पेरायला गावठी बरी, पान लहान असलं तरी वास अधिक.

पुदिन्याचं रोप विकत घेऊ नये. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातली जुडी आणावी, खालची पानं काढून काड्या पाण्यात ठेवाव्यात. आठवडाभरात पांढरी मुळं फुटतात. त्याला खोल कुंडी नको, पसरट टब हवा, कारण तो जमिनीलगत धावतो. जमिनीत लावला तर वर्षभरात शेजाऱ्यांकडे पोचतो. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली ही त्याची जागा. एप्रिलमध्ये तो दोन बोटं ठेवून सरसकट कापावा, खतमिश्रित माती पसरावी, पंधरा दिवसांत नवा पुदिना येतो.

कढीपत्ता बियांपासून करायचा असेल तर काळी पिकलेली फळं झाडावरून काढून, गर धुऊन त्याच आठवड्यात पेरावीत. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी आलेले फुटवे मुळासकट काढून लावणं त्याहून सोपं. थंडीत पानं पिवळी पडून गळतात तेव्हा घाबरून खत-पाण्याचा मारा करू नये. फेब्रुवारीअखेर शेंडे छाटले की झाड पुन्हा फुटतं. पानांवर पक्ष्यांच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं आणि ते हललं, तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. लहान झाडावरून ती काढून टाकावी, मोठ्या झाडाला चार पानं कमी झाल्याने काही होत नाही.

गवती चहा आणि पानओवा यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, ते मरत नाहीत. गवती चहाचं बेट दोन-तीन वर्षांनी जूनमध्ये फोडून पुन्हा लावावं, नाहीतर मधला भाग वाळतो. पानओव्याची एक काडी खोचली की भज्यांची सोय झाली.

सब्जा, तुळस आणि बेसिल

पिझ्झ्यावरचं महागडं बेसिल आणि फालुद्यातला सब्जा या दोन्ही एकाच जातीच्या वनस्पती आहेत, फक्त वाण वेगळे. किराणा दुकानातलं सब्ज्याचं बी ओल्या मातीवर भुरभुरलं तर बहुतेक वेळा उगवतं. त्याच्या पानाला लवंग-बडीशेपेकडे झुकणारा वास असतो, इटालियन वाणाचा वास गोडसर असतो. चटणीला दोन्ही चालतात. रोपाला सहा पानं आली की शेंडा खुडावा आणि पुढेही मंजिरी दिसताच काढावी. एकदा बी धरलं की रोप पानांकडे दुर्लक्ष करतं. तुळशीचंही तेच. मंजिऱ्या तोडणं अशुभ मानणाऱ्या घरांत तुळस वर्षभरात काटकुळी होते. पूजेला मंजिऱ्याच वाहिल्या तर दोन्ही साधतं.

बेसिलला थंडी मात्र सोसत नाही. दहा अंशांखाली पानं काळी पडतात. म्हणून नाशिकमध्ये त्याची पेरणी फेब्रुवारी आणि जूनमध्ये करावी. निफाड-दिंडोरीकडच्या उघड्या अंगणात डिसेंबरचं बेसिल टिकवण्याच्या नादी लागू नये. थंडीच्या त्याच महिन्यांत मरवा, शेपू आणि मेथी मजेत असतात.

भूमध्याकडचे पाहुणे

रोझमेरी, थाइम आणि ओरेगॅनोची रोपं ऑक्टोबरात आणून मातीच्या कुंडीत लावावीत. मातीची कुंडी भिंतीतूनही पाणी सोडते, प्लॅस्टिकची सोडत नाही. फेब्रुवारीपर्यंत पूर्ण ऊन द्यावं, एप्रिलपासून दुपारची सावली आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पागोळ्या न पडणारी, पण वारा खेळणारी जागा. सज्जाखालची पूर्वेची बाजू सर्वांत उत्तम. नोव्हेंबरात रोझमेरीच्या चार बोटं लांबीच्या कोवळ्या काड्या वाळूत खोचून एक-दोन जादा रोपं करून ठेवावीत, म्हणजे जुलैत मोठं गेलं तरी हाताशी लहान असतं.

सेज आणि लव्हेंडर यांना मी हिवाळी पाहुणे मानतो. शेवंतीच्या कुंड्या आणतो तसं आणावं, मार्चपर्यंत वास घ्यावा आणि पुढे टिकली तर नशीब. लव्हेंडरच घ्यायचं असेल तर करवतीच्या दात्यांसारख्या कडांच्या पानांचं घ्यावं, त्याला आपली उष्णता त्यातल्या त्यात मानवते. चाइव्ह्जसाठी पैसे घालवणं मला पटत नाही. लासलगावची कांद्याची बाजारपेठ ज्या जिल्ह्यात आहे तिथे कोंब आलेला कांदा कुंडीत रोवावा आणि पात कापावी.

कमान उभारताना

वेल निवडण्याआधी कमान उभी करावी लागते आणि नाशिकची काळी माती इथेही नडते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर नुसता खड्डा करून रोवलेले कमानीचे पाय दोन-तीन पावसाळ्यांत कलतात. काळा थर काढून मुरूम लागेपर्यंत खणावं, निदान दोन फूट, आणि तिथून काँक्रीट भरावं. उंची साडेसात-आठ फुटांपेक्षा कमी नको. वेल वरून हात-दीड हात लोंबतो हे धरून चाला. रुंदी चार-साडेचार फूट असली की दोन माणसं शेजारी शेजारी जातात. पाय एकेरी नको, दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट खोलीच्या चौकटी हव्यात. जूनमधला वारा भिजलेल्या वेलाला शिडासारखा ढकलतो.

बांबूची कमान देखणी असते, पण दोन-तीन वर्षांत वाळवी किंवा भुंगा तिला पोकळ करतो. दोडका-कारल्यासारख्या हंगामी वेलांसाठी ती घ्यावी, बारमाही वेलासाठी नाही. लोखंडाला आधी लाल ऑक्साइडचा हात, मग रंग. एकदा मधुमालतीने कमान झाकली की पुन्हा रंगवता येत नाही. या जिल्ह्यात आणखी एक सोय आहे. मोडलेल्या द्राक्षबागांचे अँगल आणि तारा भंगारवाल्यांकडे मिळतात. बागेचं वजन पेललेला अँगल कमानीला भरपूर होतो. उघडा लोखंडी पाइप मेमध्ये इतका तापतो की कोवळे शेंडे करपतात. पहिल्या उन्हाळ्यात त्याला काथ्या गुंडाळावा. पुढे पानंच सावली करतात.

वेल चढतो कसा

रोपवाटिकेत हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि नंतर वेल कमान सोडून जमिनीवर लोळत राहतो. द्राक्ष, कारलं, दोडका, कृष्णकमळ आणि संक्रांत वेल ताणे काढून चढतात. ताणा तारेला किंवा सुतळीला विळखा घालू शकतो, दोन इंची पाइपला नाही. म्हणून त्यांच्यासाठी कमानीवर तार किंवा जाळी ताणावी लागते. मधुमालती, गोकर्ण, गुळवेल यांचं खोडच वळसे घेतं. त्यांना पाइप चालतो. बोगनवेल आणि वेली गुलाब मुळात चढतच नाहीत, काट्यांच्या आधाराने दुसऱ्या झाडावर रेलतात. त्यांना दर महिन्याला बांधावं लागतं. सुतळी सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधावी. घट्ट गाठीने वर्षभरात खोड कापलं जातं.

कोणता वेल लावावा

मधुमालती सर्वांना हवी असते आणि बहुतेकांनी ती लावू नये. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होतं. पांढऱ्या अवस्थेतला सुगंध रात्रीच्या पतंगांना बोलावण्यासाठी असतो. सगळं खरं, पण वेल काही वर्षांतच दुमजली घर गाठतो, मुळांतून फुटवे काढतो आणि त्याचं वजन चार फुटी कमानीला झेपत नाही. भक्कम फाटक किंवा पार्किंगचा मंडप असेल तर खुशाल लावावी आणि दर वर्षी हिवाळा संपताना निम्मी कापावी.

संक्रांत वेल मूळचा ब्राझीलचा, पण नाशिकच्या हवेला जणू मोजून मापून दिलेला. जानेवारीच्या थंडीत, इतर वेल मरगळलेले असताना, तो नारिंगी फुलांनी भरून जातो. त्याला पूर्ण ऊन लागतं, वास नसतो. दिवाळीच्या साफसफाईत त्याला छाटणं ही हमखास होणारी चूक आहे. पावसाळ्यात वाढलेल्या काड्यांच्या टोकांनाच फुलं येतात. ऑक्टोबरात त्या काड्या कापल्या की संक्रांतीला नुसती पानं राहतात. छाटणी फुलं संपल्यावर, मार्चपर्यंत. द्राक्षाचं पंचांग इथे आंधळेपणाने लावू नये.

साध्या घराच्या कमानीसाठी माझी पहिली पसंती जाई किंवा जुई. दोन्ही हलक्या, पावसाळ्यात फुलणाऱ्या, आणि गजऱ्यापुरती फुलं रोज देणाऱ्या. हिवाळ्यात पाणी तोडून शेंडे छाटले की नवी फूट जोमदार येते. वाढ सावकाश असते. कमान भरायला दोन पावसाळे जातात, तोवर दुसऱ्या पायाशी गोकर्ण पेरावा. रात्रभर भिजवलेलं बी जूनमध्ये टाकलं की दीड-दोन महिन्यांत निळी फुलं येतात. शेंगवर्गातला असल्याने गोकर्णाच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी असतात, शेजारच्या जाईला त्याचा त्रास होत नाही. जाई वाढली की गोकर्ण काढून टाकावा.

बोगनवेल कमानीवर सुंदर दिसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे कपडे फाडते. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं ज्या वाटेने जातात तिथे ती नको, कुंपणावर हवी. ती फुलत नाही अशी तक्रार असणारे तिला रोज पाणी घालत असतात. पाणी तोडलं की ती फुलते. वेली गुलाबालाही हीच काट्यांची अडचण. शिवाय नाशिकच्या हिवाळी रात्रींत त्यावर भुरी ही पांढरी बुरशी येते. जानोरी-मोहाडीचे गुलाब पॉलिहाउसमध्ये वाढतात, त्यांच्याशी अंगणातल्या गुलाबाची तुलना करू नये.

कृष्णकमळ पटकन चढतं, फूल अद्भुत असतं. पानं काट्यांनी भरलेल्या अळ्या खातात. त्यांची पुढे तांबूस-नारिंगी फुलपाखरं होतात. फुलपाखरं हवी असतील तर पानांचा मोह सोडावा. लसूणवेलही चांगला, नाशिकमध्ये कमी दिसतो. क्लेमॅटिसचे परदेशी फोटो पाहून ते शोधत फिरू नये. त्याचीच जातभाई असलेली मोरवेल सह्याद्रीत पांढऱ्या फुलांनी झुडपं झाकते. ती रानात पाहावी, उपटून आणू नये.

गच्चीवर जमीन नसेल तर भाजीचे वेल सर्वांत फायद्याचे. पंधरा-वीस लिटरच्या डब्यात जूनमध्ये दोडका किंवा कारलं लावलं की ऑगस्टमध्ये कमान भरते. फुलं येतात आणि फळ धरत नाही, ही तक्रार मधमाश्या नसल्याची. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, कारल्याचं सकाळी. त्या त्या वेळी नर फूल तोडून मादी फुलाला टेकवावं. मादी फुलाच्या मागे इवलं फळ असतं, त्यावरून ते ओळखता येतं.

द्राक्षाचा मोह

नाशिकचं घर आणि फाटकावर द्राक्षाची कमान, ही कल्पना कोणालाही सुचते. सावलीचा हिशेब आधी करावा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल अगदी उघडा पडतो, म्हणजे ज्या महिन्यात सावली सर्वाधिक हवी त्याच महिन्यात ती नसते. मेअखेर पानोरा भरतो, पावसाळ्यात सावलीची गरज नसते आणि ऑक्टोबरात वेल पुन्हा उघडा. दुसरी गोष्ट फवारणीची. गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की डावणी ही बुरशी येते, थंडीत भुरी येते. बागायतदार त्यासाठी फवाऱ्यांचं वेळापत्रकच सांभाळतो. घराच्या दारात, लोकांच्या डोक्यावर आणि खाली खाण्याचा पुदिना असताना ही औषधं मारता येणार नाहीत.

तरी हौस असेल तर लावावं, पण घडांची अपेक्षा सोडून. चार पानं आली आणि दोन वेडेवाकडे घड पक्ष्यांना गेले तर वाईट वाटून घेऊ नये. घड हवेच असतील तर छाटणी एखाद्या बागायतदाराकडून शिकून घ्यावी. किती डोळे राखायचे हे वाचून येत नाही, काडी हातात घेऊन कळतं.

औषधी वेल

गुळवेल कमानीवर सहज चढतो. पान हृदयाच्या आकाराचं, उन्हाळ्यात गळतं आणि फांद्यांवरून सुतळीसारखी मुळं लोंबतात. ती जमिनीला टेकली की वेल आणखी जोर धरतो. कोरोनाच्या काळात तो घरोघरी लागला आणि काढाही घरोघरी झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि दुसऱ्याच जातीचा वेल वापरला गेला असावा असं म्हटलं. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्याच कुळातले दिसायला सारखे वेल आहेत, आणि ओळख पटल्याशिवाय, वैद्यांना विचारल्याशिवाय रोजचा काढा घेऊ नये. कमानीवर शोभेला तो निर्धोक आहे.

शतावरी त्याहून नाजूक. बारीक पिसांसारखी पानं, आत लपलेले काटे आणि पावसाळ्यानंतर सुगंधी पांढरी फुलं. ती अर्धी सावलीही चालवून घेते. नागवेल मात्र नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात रुसते. उत्तरेची भिंत आणि रोज शिंपण शक्य असेल तरच लावावी.

कमानीखालची जमीन

सावली कुठे पडते हे ऋतूप्रमाणे बदलतं. नाशिक विसाव्या अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरात माध्यान्हीला सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो. आठ फुटी कमानीची सावली उत्तरेला जवळजवळ तितकीच लांब पडते. मेअखेर सूर्य थेट डोक्यावर येतो आणि माध्यान्हीची सावली कमानीच्या पायांतच राहते. याचा उपयोग असा की कोथिंबीर, मेथी, रोझमेरी या हिवाळी उन्हाच्या रोपांना कमानीच्या दक्षिणेला जागा द्यावी. पुदिना आणि ब्राह्मी यांना पूर्वेला, म्हणजे पश्चिमेचं ऊन वेलावर अडतं. आलं-हळद अगदी कमानीखाली, जाईच्या बुंध्यापासून दोन फूट सोडून.

वेल आणि रोपं एकाच आळ्यात लावू नयेत. वेलाची मुळं आधाशी असतात, आणि वेलाला ज्या महिन्यात पाणी तोडायचं त्याच महिन्यात खालच्या कोथिंबिरीला ते हवं असतं. मधे विटांची एक ओळ उभी पुरली तरी पुरे. वरच्या वेलावर काही फवारायचं झालंच तर निंबोळी अर्कापलीकडे जाऊ नये, आणि त्यानंतरही खालची पानं धुऊनच खावीत.

हळदीची कुडी मेअखेर लावावी. श्रावणात पातोळ्यांसाठी पानं मिळतात. डिसेंबरात पानं पिवळी पडू लागली की पाणी थांबवावं आणि जानेवारीत कंद खणावेत. थोडे बियाण्याला ठेवून बाकीच्यांचं लोणचं घालावं. मोकळ्या झालेल्या जागेत शेणखत मिसळून फेब्रुवारीत सब्ज्याचं बी टाकलं, तर एप्रिलच्या छाटणीपर्यंत तो खुडण्याजोगा होतो.